लाल रेघ कोणाची? एसएसएमएसमधल्या शिळ्या ऑटोकम्प्लीटचं एक प्रकरण

सोमवारी सकाळचा पहिला निरोप असा होता: "शनिवारचं डिप्लॉयमेंट प्रॉडक्शनवर झालेलंच नाही. नवं टेबल सापडत नाही, जुना कॉलम अजून तिथेच आहे." (डिप्लॉयमेंट म्हणजे डेटाबेसमध्ये ठरवून केलेले बदल, प्रॉडक्शन म्हणजे प्रत्यक्ष वापरातला सर्व्हर.) निरोप पाठवणारी आमची रिपोर्ट लिहिणारी सहकारी. टीममध्ये नवी, पण उगाच आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. सोबत स्क्रीनशॉटही होता: एसएसएमएसच्या (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर काम करण्याचं टूल) क्वेरी एडिटरमध्ये नव्या टेबलाच्या नावाखाली लाल नागमोडी रेघ, आणि ग्राहक टेबलापुढे टिंब दिल्यावर उघडलेल्या यादीत फोन हा कॉलम. तो शनिवारीच मोबाइल झाला होता.

पाच मिनिटांत डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा) मला फोन: "स्क्रिप्ट परत चालवू का?"

त्याला थांबवलं ते बरं केलं. शनिवारची स्क्रिप्ट 'गो' या शब्दाने तोडलेल्या बॅचांची (एकेक करून चालणाऱ्या तुकड्यांची) होती आणि 'आधीच असेल तर करू नकोस' अशी राखण तिच्यात कुठेही नव्हती. एसएसएमएसमध्ये एखादा बॅच एरर देऊन पडला तरी पुढचे बॅच चालत राहतात. म्हणजे टेबल बनवणारा बॅच 'हे नाव आधीच आहे' म्हणून २७१४ क्रमांकाची एरर देऊन पडला असता, पण त्यानंतरचा, पत्ते नव्या टेबलात भरणारा बॅच सुखाने चालला असता. टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) म्हणजे नुसता आयडेंटिटी कॉलम, सर्व्हरने आपोआप दिलेला क्रमांक. प्रत्येक पत्ता दोनदा आला असता आणि डेटाबेसने हूं की चूं केलं नसतं.

शनिवारी काय बदललं होतं ते आधी सांगतो (नावं इथे बदलली आहेत, मूळची इंग्रजी आणि भयंकर लांब होती). ग्राहक टेबलातल्या फोन कॉलमचं नाव एसपी_रीनेमने मोबाइल केलं. त्याच टेबलाच्या शेवटी दोन नवे कॉलम जोडले. आणि ग्राहकांचे पत्ते 'विक्री' या नव्या स्किमातल्या (टेबलांच्या गटातल्या) 'पत्ते' टेबलात नेले. पत्त्यांचे जुने दोन कॉलम ग्राहक टेबलातून पुढच्या शनिवारी काढायचे होते. ते दोन कॉलम लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी सर्व्हरला विचारलं

मी तिला फोन लावला आणि स्क्रीन शेअर करायला सांगितलं. "मोबाइल कॉलम हाताने पूर्ण टाइप करा आणि क्वेरी चालवा." तिने लिहिला, खाली लाल रेघ उमटली. "तुमच्याकडेही अशीच रेघ येते का?" तिने विचारलं. म्हटलं, रेघेकडे बघू नका, एफ५ दाबा. दाबलं, आणि ओळी आल्या. रेघ जागच्या जागी, उत्तरही समोर.

इथेच निम्मं प्रकरण उलगडलं. एसएसएमएसमध्ये लाल रंगाचे दोन अगदी वेगळे आवाज असतात. क्वेरीतल्या शब्दाखालची रेघ हे एडिटरचं स्वतःचं मत असतं. खालच्या मेसेजेस टॅबमधला लाल मजकूर सर्व्हरचा. दोन्हींत शब्दही तेच, 'इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम', त्यामुळे गफलत होणं साहजिक आहे. एडिटर ते मत कशावरून बनवतो? एसक्यूएल सर्व्हर २००८ सोबत एसएसएमएसमध्ये इंटेलिसेन्स (टाइप करताना नावं सुचवणारं ऑटोकम्प्लीट) आलं तेव्हापासून रीत अशी: डेटाबेसला जोडणी झाली की टेबलं, कॉलम, प्रोसिजर (सर्व्हरवर जपून ठेवलेले छोटे प्रोग्राम) यांची नावं सर्व्हरच्या कॅटलॉगमधून (डेटाबेसात काय काय आहे याच्या नोंदीतून) वाचून स्थानिक कॅशेमध्ये ठेवायची, आणि सूचना नि रेघा त्यावरून ठरवायच्या. प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे धाव घेतली तर टाइप करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल, म्हणून हा साठा. पण दुसऱ्या कुणी, दुसऱ्या जोडणीतून टेबल बदललं, तर त्याची बातमी या साठ्यापर्यंत आपोआप येईलच असं नाही.

आमची सहकारी रिमोट मशीनवर काम करते. सेशन डिस्कनेक्ट होतं, बंद होत नाही. तिची क्वेरी विंडो शुक्रवार दुपारपासून उघडी होती, म्हणजे सोमवारी ती शुक्रवारचा डेटाबेस बघत होती.

कंट्रोल-शिफ्ट-आर

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, निदान ठाऊक असल्यासारखं सगळे बोलतात: एडिट मेनू, त्यात इंटेलिसेन्स, त्यात रिफ्रेश लोकल कॅशे, किंवा कंट्रोल-शिफ्ट-आर. तिने मात्र सकाळीच ऑब्जेक्ट एक्सप्लोररमध्ये डेटाबेसवर राइट-क्लिक करून रिफ्रेश केलं होतं. डावीकडच्या झाडात मोबाइल कॉलम दिसतही होता. तिला वाटलं, रिफ्रेश झालं. पण डावीकडचं झाड आणि एडिटरची सूचना-यादी यांचे साठे वेगवेगळे आहेत. झाड ताजं केल्याने यादी ताजी होत नाही. हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे की त्याबद्दल कुणाला दोष द्यावासा वाटत नाही; एकाच खिडकीत दोन रिफ्रेश ठेवले तर माणूस दिसणारंच दाबणार.

कंट्रोल-शिफ्ट-आर दाबल्यावरही एक गंमत असते. काम मागच्या बाजूला चालतं, पूर्ण झालं असं काही ठळकपणे सांगितलं जात नाही. डेटाबेस मोठा असेल तर काही क्षण जातात. तेवढ्यात माणूस बघतो, रेघ तशीच दिसते, आणि 'हे चालत नाही' असा निकाल लावून मोकळा होतो. आम्ही थांबलो. मोबाइलखालची रेघ गेली. यादीतून फोन गेला.

विक्री.पत्तेखालची मात्र गेली नाही.

दुसरी रेघ: इथे एडिटर बरोबर होता

माझ्या मशीनवर तेच नाव नीट दिसत होतं, सूचनेतही येत होतं. तिच्याकडे कितीही रिफ्रेश केलं तरी नाही. पुन्हा तोच नियम: चालवून बघा. या वेळी सर्व्हरनेही नकार दिला, पण नकाराचा क्रमांक महत्त्वाचा होता. टेबल खरंच नसतं तर २०८ आली असती. आली २२९: सिलेक्ट परवानगी नाकारली. म्हणजे टेबल आहे, पण तुमच्यासाठी नाही.

एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून मेटाडेटा (कोणती टेबलं, कोणते कॉलम ही माहिती) दिसणं हे परवानगीशी बांधलेलं आहे. ज्या ऑब्जेक्टवर तुमचा कसलाच हक्क नाही ते सिस-ऑब्जेक्ट्स या कॅटलॉगच्या यादीत तुम्हाला दिसतच नाही, आणि ऑब्जेक्ट_आयडी फंक्शनला नाव दिलं तर ते नल (म्हणजे काहीच नाही) परत करतं. एडिटर कॅटलॉग वाचतो तो तुमच्याच लॉगिनने. तेव्हा जे तुम्हाला दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही, आणि तो प्रामाणिकपणे रेघ ओढतो.

आमच्या रिपोर्टवाल्या रोलला (एकत्र हक्क दिलेल्या लोकांच्या गटाला) सिलेक्टचा हक्क डीबीओ या मूळच्या स्किमावर दिलेला होता. वर्षानुवर्षं सगळी टेबलं डीबीओमध्येच बनत होती, म्हणून कुणाला हा प्रश्न पडलाच नाही. विक्री हा पहिला नवा स्किमा. शनिवारच्या स्क्रिप्टमध्ये स्किमा होता, टेबल होतं, ग्रँट (हक्क देणारी कमांड) नव्हतं. मी आणि डीबीए, आम्ही दोघंही जास्त हक्कांच्या लॉगिनने तपासत होतो, म्हणून आमच्या डोळ्यांना ते खटकलंच नाही. तपासणी नेहमी सगळ्यांत कमी हक्क असलेल्या लॉगिनने करावी हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि शनिवारी रात्री ते करणं यात फरक असतो.

डीबीएने विक्री स्किमावर त्या रोलला सिलेक्ट दिलं. तिने क्वेरी चालवली, ओळी आल्या, रेघ तशीच. "अजून का?" कारण हक्क मिळण्याआधी वाचलेली यादी साठ्यात पडून होती. पुन्हा एकदा कंट्रोल-शिफ्ट-आर, आणि गेली.

याच सुमारास डीबीए म्हणाला, "माझ्या विंडोत तर सूचनाच येत नाहीत, माझं इंटेलिसेन्स मेलंय वाटतं." त्याचं काहीच मेलं नव्हतं. डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट व्हेरिएबल्ससाठी एसक्यूएलसीएमडी मोडमध्ये चालवतात, आणि तो मोड चालू असताना इंटेलिसेन्स काम करत नाही. क्वेरी मेनूतून मोड बंद केला, सूचना परत. अशीच आणखी काही साधी कारणं असतात, ती भराभर सांगून टाकतो: वरच्या ड्रॉपडाउनमध्ये आपला डेटाबेस नसून मास्टर निवडलेला असणं, टूल्स-ऑप्शन्समध्ये इंटेलिसेन्स बंद असणं, किंवा तिथेच ठरवलेल्या कमाल आकारापेक्षा स्क्रिप्ट मोठी असणं. लाखभर इन्सर्टची फाइल उघडून 'सूचना का येत नाहीत' विचारणारे असतात, त्यांना हे शेवटचं उत्तर.

तिसरी तक्रार, जी मी आधी उडवून लावली

दुपारी तिचा पुन्हा निरोप: "ग्राहक_यादी या व्ह्यूवर टिंब दिलं की अजून फोन येतो, मोबाइल नाही. नवे दोन कॉलमही नाहीत. रिफ्रेश केलंय." (व्ह्यू म्हणजे सर्व्हरवर नाव देऊन ठेवलेली क्वेरी, टेबलासारखी वापरता येणारी.) मी म्हटलं, विंडो बंद करून नवी उघडा. तिने उघडली. एसएसएमएसच बंद करून उघडलं. तरी तेच. मग मी माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडेही फोन.

इथे मात्र चालवून बघण्याचा नियम वेगळंच बोलला. ग्राहक_यादीतून फोन मागितला तर सर्व्हर निमूट देत होता. मोबाइल मागितला तर २०७: असा कॉलम नाही. एडिटरचा साठा ताजा होता. जुनं होतं ते खुद्द सर्व्हरच्या पोटात.

व्ह्यूची व्याख्या होती: ग्राहक टेबलातून सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळे कॉलम. व्ह्यू बनवताना सर्व्हर स्टारचा विस्तार करून कॉलमांची नावं त्या व्ह्यूच्या नावे नोंदवून ठेवतो. खालच्या टेबलात नंतर काही बदललं तरी ही नोंद आपोआप बदलत नाही. कॉलमचं नाव बदललं तरी व्ह्यू जुन्याच नावाने माल देत राहतो, कारण जुळवणी क्रमाने होते. टेबलाच्या शेवटी कॉलम जोडले तर ते व्ह्यूत दिसत नाहीत. तेव्हा सूचना-यादी दाखवत होती ते सर्व्हरच्या नोंदीशी तंतोतंत जुळत होतं. एडिटरला शिळं म्हणणारा मीच चुकलो होतो.

उपाय एका ओळीचा आहे: एसपी_रिफ्रेशव्ह्यू, आणि त्याला व्ह्यूचं नाव. पण ती ओळ चालवायच्या आधी मला ते पुढच्या शनिवारचे दोन कॉलम आठवले. चाचणी सर्व्हरवर प्रॉडक्शनची रचना उभी केली, व्ह्यू जाणूनबुजून जुना ठेवला आणि पत्त्यांचे दोन कॉलम काढून टाकले. एरवी कॉलम कमी झाले की असा व्ह्यू ४५०२ क्रमांकाची एरर देऊन पडतो: व्ह्यूत नावं जास्त, कॉलम कमी. आमच्याकडे मात्र दोन आधीच वाढले होते आणि दोन आता गेले. बेरीज जुळली. एरर आली नाही. व्ह्यू चालला, आणि काढलेल्या कॉलमांच्या पुढचा सगळा माल दोन घरं डावीकडे सरकून भलत्याच नावांखाली आला. पिनकोडच्या रकान्यात दुसरंच काही.

हा प्रकार पुढच्या सोमवारी रिपोर्टांत उतरला असता आणि कुणाच्या लक्षात कधी आला असता, सांगता येत नाही. एका सूचना-यादीत चुकीचं नाव दिसलं म्हणून तो आधी सापडला.

रिफ्रेश केल्यावर काय मोडेल

आता दुसरी बाजू. व्ह्यू ताजा केला की त्यातून फोन हे नाव नाहीसं होणार. ते नाव वापरणाऱ्या प्रोसिजर आजवर चालत होत्या त्या व्ह्यू शिळा होता म्हणूनच. ताजा झाला की त्या चालवताना २०७ देऊन पडणार. एडिटर याबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो फक्त उघड्या विंडोतल्या मजकुराखाली रेघ ओढतो. सर्व्हरवर जपून ठेवलेल्या प्रोसिजर तो वाचत बसत नाही.

एसपी_रीनेमने शनिवारी इशारा दिला होता: नाव बदलल्याने स्क्रिप्ट आणि प्रोसिजर मोडू शकतात. तो इशारा प्रत्येक वेळी येतो, म्हणून कुणी वाचत नाही. नाव बदलताना तो कमांड इतर ऑब्जेक्टांच्या व्याख्येतला मजकूर बदलत नाही. तो शोधून बदलणं आपल्यावर असतं.

शोध दोन वाटांनी घेतला. सिस-एसक्यूएल-एक्स्प्रेशन-डिपेंडन्सीज या कॅटलॉग व्ह्यूमधून ग्राहक_यादीवर अवलंबून असणारे सगळे ऑब्जेक्ट काढले. शिवाय सिस-एसक्यूएल-मॉड्यूल्सच्या डेफिनिशनमध्ये फोन हा शब्द सरळ शोधला. दुसरी वाट गावंढळ वाटते, कॉमेंटमधले फोनसुद्धा सापडतात. पण ज्या दोन प्रोसिजर स्ट्रिंग जोडून डायनॅमिक क्वेरी बनवत होत्या त्या पहिल्या वाटेने सापडल्याच नाहीत. स्ट्रिंगच्या आतल्या नावांची नोंद डिपेंडन्सीमध्ये होत नाही. त्या या गावंढळ वाटेनेच मिळाल्या.

मग सरळ रिफ्रेश न करता व्ह्यूच बदलला. स्टार काढला, प्रत्येक कॉलम नावाने लिहिला, पत्त्यांचे जुने कॉलम विक्री.पत्तेमधून घेतले. मोबाइल दिला, आणि तोच कॉलम फोन या टोपणनावानेही तात्पुरता दिला, म्हणजे जुन्या प्रोसिजर चालत राहतील. सोबत स्किमाबाइंडिंग (व्ह्यूला खालच्या टेबलांशी बांधून टाकणारा पर्याय) लावलं. ते लावायला स्टार चालत नाही आणि नावं स्किमासकट दोन भागांत लिहावी लागतात, म्हणजे ते आपोआप शिस्त लावतं. त्यानंतर खालच्या टेबलातला व्ह्यूने वापरलेला कॉलम कुणी काढायला किंवा त्याचं नाव बदलायला गेलं तर सर्व्हरच अडवतो. डीबीए आधी नाराज होता, "प्रत्येक बदलाला व्ह्यू सोडवत बसायचं का?" हो, बसायचं. माझं मत तेव्हाही हेच होतं. सगळ्याच व्ह्यूंना ते लावावं असं नाही, पण रिपोर्ट ज्यावर उभे आहेत त्यांना लावावं.

बाकीच्या टूलमध्ये

टीममध्ये सगळे एसएसएमएस वापरत नाहीत. व्हीएस कोडचं एमएस-एसक्यूएल एक्स्टेंशन वापरणाऱ्यांना हाच उपाय कमांड पॅलेटमधून करावा लागतो, 'रिफ्रेश इंटेलिसेन्स कॅशे' या नावाने. दुसऱ्या प्रकल्पात मायएसक्यूएल आहे. त्याचा कमांड-लाइन क्लायंट सुरू होताना टेबलं आणि कॉलमांची नावं वाचून ठेवतो, आणि मध्ये काही बदललं तर रीहॅश ही कमांड द्यावी लागते. डेटाबेस अवाढव्य असेल तर ते सुरुवातीचं वाचन टाळण्यासाठी उणे-ए हा पर्याय आहे, त्यावर लोक जीव टाकतात आणि नंतर टॅब दाबल्यावर काही येत नाही म्हणून कुरकुरतात. पोस्टग्रेचा पीएसक्यूएल या सगळ्यांपेक्षा वेगळा: तो साठा ठेवतच नाही, टॅब दाबला की त्या क्षणी कॅटलॉगला विचारतो. तिथे शिळेपणाची तक्रार उद्भवत नाही, पण प्रत्येक टॅबला सर्व्हरकडे एक फेरी पडते. मला ती पद्धत आवडते. एसएसएमएससारख्या, टिंब दिल्याबरोबर यादी उघडणाऱ्या एडिटरला ती परवडली असती का याची मात्र शंका आहे.

पुढे

डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्ये आता प्रत्येक पायरीआधी 'आहे का' ही तपासणी असते, आणि नवा स्किमा आला की त्याच फाइलमध्ये ग्रँट. शेवटी एक छोटी क्वेरी रिपोर्टवाल्या लॉगिनने चालवून बघायची, तीही स्क्रिप्टचाच भाग. बदल झाल्याच्या निरोपात एक वाक्य वाढलं आहे: उघड्या विंडोत कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, तरी शंका असेल तर क्वेरी चालवा आणि एररचा क्रमांक कळवा. स्क्रीनशॉटपेक्षा क्रमांक बरा. २०७, २०८, २२९ यांतला कोणता आला एवढं कळलं तरी कुठे बघायचं ते ठरतं.

पत्त्यांचे जुने कॉलम ठरलेल्या शनिवारी निघाले. फोन वापरणाऱ्या प्रोसिजर एकेक करून बदलल्या, डायनॅमिक क्वेरीवाल्या दोन सगळ्यांत शेवटी. मग व्ह्यूतलं टोपणनावही काढलं. आमच्या टेस्टरच्या सूचना-यादीत मात्र त्यानंतरही फोन येत होता. त्याची विंडो कधीपासून उघडी आहे असं विचारलं, तर तो म्हणाला, "त्यात सेव्ह न केलेल्या क्वेऱ्या आहेत, बंद नाही करणार." बंद करू नकोस म्हटलं, तीन कळा एकदम दाब.